फुटपाथवरून भिंतीवर

जहांगीर कलादालन १९५२ साली उघडलं. त्याच्या आत भिंत मिळवायची तर आजही कलावंताला अर्ज करून तारखेची वाट पाहावी लागते, आणि त्यात वर्षं निघून जातात. त्याच इमारतीबाहेरच्या फुटपाथवर मात्र चित्रकार आपली चित्रं मांडून बसलेले असतात. पावसातली मुंबई, गणपती, घोडे, बनारसचे घाट, समोर बसवून दहा मिनिटांत काढून देण्याचं पोर्ट्रेट असं सगळं तिथे असतं. या रांगेत छायाचित्रं विकणारा माणूस मला क्वचितच दिसला आहे. हिवाळ्याच्या शेवटी तिथेच काळा घोडा महोत्सव भरतो. १९९९ पासून चालत आलेल्या त्या नऊ दिवसांत गळ्यात कॅमेरा अडकवलेली माणसं झुंडीनं येतात, स्टॉल पाहतात, फोटो काढतात आणि घरी जातात. स्टॉलच्या आतल्या बाजूला त्यांच्यातले फार थोडे उभे असतात.

हे पुस्तक त्या कॅमेरावाल्यांसाठी आहे. हार्ड डिस्कमध्ये हजारो चित्रं पडून आहेत, त्यांतली काही खरोखर चांगली आहेत हे मनाला माहीत आहे, मित्रांनी आणि स्पर्धांच्या परीक्षकांनी तसं सांगितलंही आहे, पण ती विकायची कशी आणि कुठे, हे कळत नाही. अशा माणसाला मी एवढंच सांगेन, की कलादालनाची तारीख मिळेल तेव्हा मिळेल, आधी उघड्यावर उभे राहा. शटर दाबलं तेव्हा तुमच्या हाती फक्त शक्यता आली. ती कागदावर उतरली, तिला आकार मिळाला, काठ मिळाला, किंमत मिळाली आणि तुमचं देणं न लागणाऱ्या एका अनोळखी माणसानं ती पैसे मोजून घरी नेली, की चित्र पूर्ण झालं. हा सगळा प्रवास एका दिवसात डोळ्यांसमोर घडताना पाहायचा तर रस्त्यावरच्या बाजारासारखी जागा नाही.

छायाचित्र विकत घेण्याची आपल्याकडे पद्धत नाही, असं वारंवार ऐकू येतं. मला ते पटत नाही. दागेरची छायाचित्रणाची पद्धत १८३९ साली जाहीर झाली. तिच्यात चांदीचा थर दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर एकच प्रतिमा उमटे, तिची प्रत निघत नसे. टॅल्बटनं १८४१ साली पेटंट घेतलेल्या पद्धतीत कागदाची निगेटिव्ह तयार होई आणि तिच्यावरून हव्या तितक्या प्रती काढता येत. छायाचित्र हा विकायचा माल झाला तो या दुसऱ्या वाटेनं. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते. पुढे १८५६ ते १८५८ या काळात जॉन्सन आणि हेंडरसन यांनी याच शहरातून छायाचित्रांचा एक अल्बम दरमहा काढला. छायाचित्र यंत्रावर छापण्याची सोय तेव्हा नव्हती, त्यामुळे प्रत्येक अंकात खरे प्रिंट चिकटवलेले असत आणि वर्गणीदार ते पैसे देऊन घेत. म्हणजे मुंबईत छायाचित्राचा प्रिंट विकला जाऊ लागला त्याला दीडशेहून अधिक वर्षं झाली.

त्याहूनही मोठा दाखला रवि वर्मांचा. त्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या लक्ष्मी आणि सरस्वती सामान्य माणसाच्या घरात पोचल्या. ज्यांनी मूळ तैलचित्र कधी पाहिलं नाही, पाहण्याची शक्यताही नव्हती, त्यांनी ती छापील चित्रं चौकटीत बसवून देव्हाऱ्यावर लावली. ‘ही तर नक्कल’ म्हणून कुणी ती परत केली नाहीत. छापलेलं चित्र मोलानं घेण्याची आणि जपण्याची सवय आपल्या घरांना आहे. छायाचित्रकारानं ते गिऱ्हाईक गमावलं, कारण गेली कित्येक वर्षं त्यानं आपलं काम कागदावर दाखवलंच नाही.

रस्त्यावर चित्रं मांडण्यात कमीपणा आहे, असं वाटणाऱ्यांसाठी आणखी एक आठवण. १९३१ च्या मंदीत न्यू यॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअर भागात पैशांची तंगी असलेल्या चित्रकारांनी फुटपाथवर कॅनव्हास मांडले. त्यांत जॅक्सन पोलॉक होता असं सांगतात. तिथलं प्रदर्शन पुढे दरवर्षी भरू लागलं. अमेरिकेतल्या अ‍ॅन आर्बरचा रस्त्यावरचा कलामेळा १९६० पासूनचा आहे. आपल्या शेजारी बंगळुरूत कर्नाटक चित्रकला परिषद दरवर्षी चित्रसंते भरवते. जानेवारीतल्या एका रविवारी कुमारकृपा रस्ता वाहनांना बंद होतो, देशभरातले हजारावर कलावंत दुतर्फा बसतात आणि शहर सकाळपासून रात्रीपर्यंत त्या रस्त्यावरून चालत राहतं. घरी एक तरी चित्र असावं म्हणून आलेली कुटुंबं तिथे भाव विचारतात, चित्र उचलून लांब धरून पाहतात, आपसांत सल्लामसलत करतात. कलादालनाच्या शांततेत बिचकणारी माणसं इथे मोकळेपणानं बोलतात. कलावंताला याहून चांगली शाळा कुठे मिळणार?

या शाळेतला पहिला प्रश्न ठरलेला आहे. “हे तुम्हीच काढलंय का?” स्टॉलवर उभ्या राहिलेल्या प्रत्येक छायाचित्रकाराला तो दिवसभर ऐकावा लागतो. त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो, बहुधा सोबतच्या माणसाला उद्देशून: “असं तर आपल्या मोबाईलवर पण येतं.” नवखा विक्रेता इथे दुखावतो आणि कॅमेऱ्याचं मॉडेल, लेन्सची किंमत, पहाटे किती वाजता उठलो, किती चढून गेलो, असं सांगत सुटतो. घेणाऱ्याला त्यातलं काहीही भिंतीवर लावायचं नसतं. त्या वेळी प्रिंट त्यांच्या हातात द्यावा. “घ्या काकू, उजेडात धरून बघा.” जाड, खरखरीत कागदाचा स्पर्श, काळ्या भागातही दिसणारे बारकावे, आकार, कडेचा पांढरा मोकळा काठ, यांतलं काहीच मोबाईलच्या पडद्यावर नसतं. तो पडदा दिवसाला शेकडो प्रतिमा पुढे सरकवत असतो आणि हातातला कागद मात्र थांबलेला असतो. हे शब्दांत पटवावं लागत नाही, हाताला कळतं. अट एवढीच, की प्रिंट तेवढा चांगला हवा.

म्हणून या पुस्तकातलं सगळ्यात मोठं प्रकरण प्रिंटवर आहे, आणि स्टॉलच्या अर्जाचं प्रकरण त्याच्या मागे आहे. प्रत्यक्षात माणसं उलट करतात. आधी स्टॉल मिळवतात आणि मग शेवटच्या आठवड्यात लॅबकडे धावतात. प्रिंटला वेळ लागतो, कारण पडद्यावर पाहिलेलं चित्र आणि कागदावरचं चित्र यांची ओळख हळूहळू होते. पडदा स्वतः उजेड टाकतो आणि कागद पडलेला उजेड परत देतो. लॅपटॉपचा उजेड पूर्ण वाढवून चित्र सजवलं, की प्रिंट काळवंडलेला येतो आणि दोष लॅबला जातो. पडद्याचा उजेड उतरवा, शक्य असेल तर कॅलिब्रेशन करून घ्या आणि मोठा प्रिंट काढण्यापूर्वी त्याच कागदावर चित्राची एक पट्टी छापून पाहा. पट्टीचा खर्च थोडा, शिकवण पुष्कळ.

आकाराचं गणितही आधी बसवावं लागतं. हातात धरून पाहायच्या प्रिंटसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरले, तर १२ बाय १८ इंचांना ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. साधारण २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात हे सहज बसतं. तीच फाइल २४ बाय ३६ इंचांवर नेली तर इंचाला १५० पिक्सेल उरतात. सोफ्यामागच्या भिंतीवरचं चित्र माणूस पाच-सहा फुटांवरून पाहतो, त्यामुळे तेही चालून जातं. मोबाईलचं १२ मेगापिक्सेलचं चित्र १० बाय १३ इंचांपर्यंत निर्धास्त छापा. पण तेच चित्र व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलं असेल तर त्याची लांब बाजू बहुधा १६०० पिक्सेलांच्या आसपास आलेली असते, म्हणजे जेमतेम पाच इंच. मूळ फाइल जपणं हा विक्रीच्या कामाचाच भाग आहे. आकार ठरवताना फ्रेमवाल्याशी बोलून घ्यावं. कॅमेऱ्याचं चित्र तीनास दोन या प्रमाणात असतं, ते १२ बाय १८ मध्ये न कापता बसतं. १६ बाय २० मध्ये किंवा ए-थ्रीमध्ये ते कुठेतरी कापावं लागतं, आणि ते कुठे कापायचं हे तुम्ही ठरवायचं, लॅबच्या मुलानं नाही. गिऱ्हाईकाला कोपऱ्यावरच्या दुकानात तयार फ्रेम मिळेल असा आकार दिला, तर चित्र भिंतीवर लागण्याची शक्यता वाढते. नाहीतर ते कपाटाच्या मागे जातं.

कागदाबद्दल माझं मत ठाम आहे. लॅबमधला साधा चकचकीत प्रिंट अल्बममध्ये शोभतो. उघड्यावर त्याच्यावर आभाळ आणि समोरची रहदारी दिसते. मॅट कागद, शक्यतो सुती लगद्याचा आणि पिगमेंट शाईचा, महाग पडतो, पण उन्हात वाचता येतो आणि दीर्घकाळ टिकतो. काचेच्या फ्रेमा स्टॉलवर दोन-तीनच ठेवाव्यात, चित्र घरी कसं दिसेल हे कळण्यापुरत्या. बाकीचा माल माउंटमध्ये, मागे ताठ पुठ्ठा आणि वर पारदर्शक पिशवी अशा रूपात असावा, म्हणजे माणसं चाळू शकतात. माउंटचा बोर्ड आम्लमुक्त घ्या. प्रिंट फक्त वरच्या कडेला चिकटवून खाली मोकळा सोडा. आपल्या किनारपट्टीच्या दमट हवेत कागद फुगतो आणि चारही बाजूंनी जखडला की त्याच्यावर लाटा उठतात. सही पेन्सिलीनं, खालच्या काठावर. ज्यानं वीस वर्षांनी ते चित्र उतरवून पाहायचं आहे, त्याच्यासाठी मागे एक चिठ्ठी लावावी: ठिकाण, साल, कागद, शाई, तुमचं नाव.

आता भिंतीकडे येतो. मराठी घराच्या भिंतीवर काय असतं याचा विचार या बाजारात उतरणाऱ्यानं करायलाच हवा. देवांच्या तसबिरी असतात, गेलेल्या आजी-आजोबांचे हार घातलेले फोटो असतात, लग्नातला एक फोटो असतो, आणि कालनिर्णय असतं. चौकटीतला चेहरा म्हणजे आपलं माणूस, बरेचदा गेलेलं माणूस, असा संकेत पिढ्यान्‌पिढ्या रुजलेला आहे. म्हणून अनोळखी म्हाताऱ्याचं सुरकुतलेलं पोर्ट्रेट स्पर्धेत पदक मिळवतं, स्टॉलवर माणसं त्याच्यापुढे थबकतात, मनापासून दाद देतात आणि पुढे जातात. त्यांना ते आवडलेलं असतं, फक्त घरात लावायचं नसतं. यात त्यांच्या रसिकतेत काही उणं नाही.

मग काय नेतात? माझ्या पाहण्यात माणूस बहुतेक वेळा स्वतःची जागा विकत घेतो. माहीमचा समुद्र, गावाकडच्या घरासारखं कौलारू घर, लग्नानंतर दोघं मिळून गेलेला किल्ला, वडील रोज उतरत ते स्टेशन, पावसाळ्यातला घाट. “आमचं गाव इथून चार किलोमीटरवर,” असं वाक्य निघालं की विक्री जवळजवळ झालेली असते. याचा अर्थ सगळ्यांनी गेटवे आणि राजगडच विकावेत असा नाही. तसं करणारे पुष्कळ आहेत आणि त्यांची चित्रं एकमेकांसारखी दिसतात. अर्थ असा, की तुम्ही ज्या प्रदेशाला खरोखर जवळून ओळखता त्याची चित्रं मांडा. सावंतवाडीच्या माणसानं लडाखच्या पँगाँगपेक्षा तेरेखोलची खाडी मांडावी. ती त्यानं सगळ्या ऋतूंत पाहिलेली असते, ते चित्रात उतरतं, आणि मुंबईतला दुसरा सावंतवाडीकर ती ओळखतो.

स्टॉलवर किती चित्रं असावीत, या प्रश्नावर माझा नव्या माणसाशी नेहमी वाद होतो. त्याला साठ लावायची असतात. पक्षी, वाघ, वारी, सूर्यास्त, आकाशगंगा आणि मॅक्रोमधला कोळी, सगळं एकदम. रस्त्यावरून चालणारा माणूस काही सेकंदांत ठरवतो, थांबायचं की नाही. साठ विषयांच्या भिंतीपुढे त्याची नजर ठरत नाही. एकाच विषयाची, एकाच मिजाजाची दहा-बारा चित्रं लांबूनही ओळखू येतात. त्यांतलं एक फार मोठं, बाकीची मध्यम, आणि चाळायच्या पेटीत छोटी. जे चित्र तुम्हाला सर्वांत प्रिय आहे आणि विकलं जाणार नाही हे माहीत आहे, तेही लावावं. ते माणसं थांबवतं आणि बाजूच्या चित्राला दर्जा देतं.

उघड्यावर म्हणजे खरोखर उघड्यावर. मुंबईत दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो आणि दहा बाय दहा फुटांचा मंडप, बांधला नसेल तर, छत्रीसारखा उलटतो. डांबरी रस्त्यावर खुंट्या ठोकता येत नाहीत, तेव्हा प्रत्येक खांबाला वजन लागतं, खांबामागे अठरा-वीस किलो तरी. वाळूच्या गोणी चालतात. पाण्याचा वीस लिटरचा जार भरून बांधला तरी भागतं, आणि तो आपल्याकडे कुठल्याही गल्लीत मिळतो. मावळतीचं ऊन कुठल्या बाजूनं येणार हे आदल्या दिवशी जाऊन पाहावं, कारण त्या बाजूला लावलेली चित्रं दोन तास दिसणारच नाहीत आणि साध्या डाय शाईचे प्रिंट दिवसागणिक विटतील. गर्दी मात्र अंधार पडल्यावर वाढते, विशेषतः काळा घोड्याला. आयोजकांच्या पिवळ्या दिव्याखाली निळा समुद्र हिरवट दिसतो आणि पांढरा काठ साजूक तुपाचा रंग घेतो. स्वतःचे एलईडी न्यावेत, रंग नीट दाखवणारे, सीआरआय ९० च्या वरचे. ज्या उजेडात विकायचं त्याच उजेडात प्रिंट एकदा घरी तपासावा.

नेण्याची सोयही विक्रेत्यानंच पाहायची. संध्याकाळी सातच्या विरार गाडीत दोन बाय तीन फुटांची काचेची फ्रेम चढत नाही. ज्याला ती फार आवडली आहे तो याच विचारानं मागे सरतो आणि “पुन्हा येतो” म्हणतो. त्याला नळीत गुंडाळलेला प्रिंट द्या, किंवा घरपोच पाठवण्याचा खर्च आधीच सांगा. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा क्यूआर छापून लावालच, पण महोत्सवाच्या गर्दीत नेटवर्क बसतं, तेव्हा सुट्या पैशांची पेटीही असू द्या.

किंमत हा सगळ्यात अवघड भाग, आणि लोक त्यावर सगळ्यात कमी वेळ देतात. एक कल्पित हिशेब मांडतो. समजा १२ बाय १८ चा प्रिंट, माउंट, पुठ्ठा, पिशवी मिळून ६०० रुपये झाले. स्टॉलचं भाडं, गाडी, दिवे, दोघांचं जेवण मिळून १५,००० गेले. पंचवीस प्रिंट विकले तर प्रत्येकावर त्या खर्चाचे ६०० चढतात, म्हणजे तुम्हाला तो १,२०० ला पडला. १,५०० ला विकलात तर हाती एकूण ७,५०० उरले. तेच पन्नास विकले तर प्रत्येकी खर्च ९०० वर येतो आणि उरतात ३०,०००. विक्री दुप्पट झाली आणि शिल्लक चौपट. न विकलेला माल यात धरलेला नाही, तुमचे दिवस धरलेले नाहीत, कॅमेरा तर नाहीच. हा हिशेब स्वतःच्या आकड्यांनी मांडल्याशिवाय भाव ठरवू नये. शेजारचा किती लावतो हे पाहून भाव ठरवणारे दुसऱ्या वर्षी दिसत नाहीत.

घासाघीस होणार, आपला बाजार आहे. दोन घेतले तर थोडं कमी करणं रीतीला धरून आहे. शेवटच्या संध्याकाळी निम्म्या भावात काढून टाकणं मात्र पहिल्या दिवशी पूर्ण पैसे देणाऱ्याचा अपमान आहे. पन्नास-शंभर रुपयांची कार्डं ठेवावीत का? गर्दी जमते, हे खरं. पण कार्ड घेणाऱ्यांना सुटे देण्यात एकट्या माणसाचे हात अडकतात आणि मोठ्या चित्रापुढे उभा राहिलेला माणूस विचारपूस न होता निघून जातो. मदतीला कुणी असेल तरच कार्डं.

‘लिमिटेड एडिशन’चा शिक्का आजकाल सर्रास मारतात. फ्रान्सच्या करकायद्यात छायाचित्राला कलाकृती मानायचं तर ते कलावंतानं स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखाली छापलेलं, सही-क्रमांकासह आणि सर्व आकार मिळून जास्तीत जास्त तीस प्रतींचं असावं लागतं. यातले ‘सर्व आकार मिळून’ हे शब्द महत्त्वाचे. १० प्रती संपल्यावर तेच चित्र दोन इंच मोठं करून पुन्हा १० काढणं म्हणजे घेणाऱ्याला दिलेला शब्द मोडणं. नोंदवही ठेवून पाळता येणार असेल तर मर्यादा घाला. नाहीतर सही करा आणि क्रमांक टाकू नका. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

अर्जाबद्दल थोडक्यात. जिथे निवड होते तिथे परीक्षक चार-पाच चित्रांवरून तुमचा सूर ओळखू पाहतात, म्हणून इथेही एकच विषय पाठवा. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांनी लक्षात ठेवावं, की तिथल्या मेळ्यांत अर्जाची फी वेगळी आणि जागेची फी वेगळी असते, पहिली परत मिळत नाही, आणि चित्रांसोबत मांडलेल्या स्टॉलचाही फोटो मागतात. स्टॉल कधी लावलाच नसेल तर गच्चीवर किंवा अंगणात मांडून तो फोटो काढावा. आपल्याकडे मागत नसले तरी ही तालीम सगळ्यांनी करावी. चित्रं लावायला किती वेळ लागतो, हुक किती कमी पडतात, हे तिथेच कळतं. करांच्या बाबतीत दोन गोष्टी: वस्तूंच्या विक्रीसाठी महाराष्ट्रात जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाखांची आहे, पण दुसऱ्या राज्यात जाऊन विकायचं तर नियम बदलतात. बंगळुरू किंवा गोव्याचा बेत असेल तर आधी कर सल्लागाराला विचारा.

कायद्याचा जो भाग छायाचित्रकारांना सहसा ठाऊक नसतो, तो हक्काचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे स्वतःहून काढलेल्या चित्राचा हक्क तुमचा, आणि तुमच्या मृत्यूनंतरही तो ६० वर्षं टिकतो. प्रिंट विकल्यानं तो हक्क जात नाही, त्यासाठी लेखी करार लागतो. हॉटेलवाल्यानं एक प्रिंट घेऊन त्यावरून मेन्यूकार्ड छापलं तर तुम्ही त्याला थांबवू शकता. पण उलटही खरं आहे. कुणी पैसे देऊन काढून घेतलेला फोटो, वेगळा करार नसेल तर, त्याच्या मालकीचा. लग्नात टिपलेला नवरीच्या मेंदीचा अप्रतिम फोटो तुमच्या स्टॉलवर लागू शकत नाही. सार्वजनिक जागेतली इमारत किंवा पुतळा यांचा फोटो काढायला कायदा मोकळीक देतो. भिंतीवर रंगवलेलं म्युरल मात्र दुसऱ्या चित्रकाराचं चित्र आहे. नुसतं तेच छापून विकायचं असेल तर त्याला विचारायला हवं.

कायदा जिथे गप्प बसतो तिथे आपली जबाबदारी सुरू होते. आषाढीसाठी आळंदी-देहूपासून पंढरपूरपर्यंत निघणाऱ्या वारीत जेवढे कॅमेरे असतात तेवढे दुसरीकडे कुठे क्वचितच असतील. दिवे घाटाची नागमोडी रांग, रिंगणातला घोडा, डोक्यावर तुळस घेतलेली म्हातारी. रांगेचं चित्र विका, रिंगणाचं विका. त्या म्हातारीचा चेहरा एकटा, ओळखू येईल असा, दोन-तीन हजारांना विकायचा असेल, तर मला वाटतं तिला माहीत असायला हवं. “आजी, हा फोटो मोठा करून विकला तर चालेल का?” एवढं विचारायला एक मिनिट लागतं. दिंडीचा क्रमांक आणि गावाचं नाव लिहून घेतलं तर पुढच्या वर्षी त्याच वाटेवर प्रिंट नेऊन देता येतो. काही जणी नको म्हणतील, आणि ते चित्र आपण छापायचं नाही. लहान मुलांचे ओळखू येणारे चेहरे मी विक्रीला ठेवायचेच नाहीत असं म्हणतो. याला कुणी जास्त कडक म्हणेल, मला ते तसं वाटत नाही.

पुस्तकाची रचना अशी आहे: आधी निवड, मग प्रिंट आणि माउंट, मग किंमत, त्यानंतर मांडणी, अर्ज, हिशेब आणि हक्क. लग्नाची छायाचित्रं, जाहिरातीचं काम आणि संकेतस्थळांना फोटो विकणं यांना इथे जागा नाही, त्या वेगळ्या वाटा आहेत. आपल्याकडचे उघड्यावरचे मेळे डिसेंबर ते फेब्रुवारीत दाटीनं येतात, त्यामुळे पावसाळा निवडीसाठी आणि पट्ट्या छापून पाहण्यासाठी वापरावा. हवा दमट असते तोवर साठा छापून ठेवू नये, तो दसऱ्यानंतर छापावा. पहिल्या स्टॉलवर सोबत एक वही ठेवा आणि रोज रात्री लिहा: कोणत्या चित्रापुढे लोक थांबले, काय विचारलं, किती जणांनी हातात घेतलं आणि कोणता आकार मागितला जो तुमच्याकडे नव्हता. वहीचे रकाने कसे आखावेत ते पाचव्या प्रकरणात दिलं आहे.